अम्पक्वाकाठची माशी

"माश्या मारत बसण्यापेक्षा काही कामाचं करा!" हे वाक्य मी संसारात किती वेळा उच्चारलं असेल, याची गणती नाही. कधी यजमानांना, कधी मुलांना, तर कधी दारात गप्पा छाटत बसलेल्या पोस्टमनलासुद्धा! पण साठी उलटल्यावर मी स्वतः अमेरिकेत लेकीच्या घरी जाऊन चक्क माश्या बांधत बसेन, असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

होय, माश्या बांधत! मारत नव्हे. दोरा, जर, पिसं आणि केस घेऊन गळावर नकली माशी बांधायची आणि तिच्या मोहानं खरा मासा वर आणायचा, अशी एक कला आहे. ती मला शिकवली आमच्या जावयांनी, आणि त्या माशीच्या निमित्तानं मी ऑरेगन राज्यातली एक अशी नदी पाहिली की ती अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

झालं असं, की मी पोर्टलंडजवळच्या त्यांच्या घरी उतरले त्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, घरात काहीतरी धुमसतंय. शनिवारी पहाटे चार वाजता जावई गुपचूप उठायचे, काठी आणि रबरी विजार गाडीत टाकायचे आणि निघून जायचे. दुपारी परत यायचे ते रिकाम्या हातानं. लेक ओट्याशी उभी राहून भांडी जरा जास्तच जोरात ठेवायची.

"आई, तूच सांग," ती एकदा फणकारली, "दुकानात साफ केलेला, तुकडे केलेला मासा मिळतो. हा सहा-सहा तास गार पाण्यात उभा राहतो आणि आणतो काय? सर्दी! आणि कधी चुकून मासा लागलाच, तर तो सोडून देतो म्हणे!"

मी रत्नागिरीकडची. मासा म्हणजे बाजारात डोळे नि कल्ले बघून घ्यायचा, घरी आणून निवडायचा, आमसुलं घालून त्याचं तिखलं करायचं, एवढंच मला ठाऊक. धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडायचा, हे ऐकून मी थक्कच झाले. खायचा नाही तर त्या मुक्या जिवाच्या तोंडात गळ अडकवायचा तरी कशाला? मी लेकीचीच बाजू घेतली. पण आतून वाटत होतं, भांडण माशाचं नाही. माशाच्या नावावर भलतंच काही शिजतंय.

एके दिवशी पाऊस लागला होता. लेक कामावर गेली होती. जावई गॅरेजमधल्या टेबलापाशी दिवा लावून काहीतरी करत बसले होते. मी चहा घेऊन गेले आणि बघतच राहिले. टेबलावर माझ्या शिवणाच्या डब्यासारखाच पसारा! बॉबिन, बारीक कात्री, मेण लावलेला काळा दोरा, रुपेरी जर, हिरवी-काळी लव असलेला शेनीलचा दोरा, रंगवलेली पिसं आणि मधोमध एक छोटासा शिकंजा, त्याच्या जबड्यात धरलेला गळ.

"आई, बसता का? तुमच्या बोटांना हे माझ्यापेक्षा लवकर जमेल," ते म्हणाले.

मी हसले. "अहो, हा पुरुषांचा खेळ!"

"कोण म्हणतं?" आणि मग त्यांनी मला दोन बायकांच्या गोष्टी सांगितल्या. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या कॅरी स्टीव्हन्स या बायकांच्या टोप्या शिवत, पिसांनी सजवत. १९२४ साली त्यांनी स्वतः बांधलेल्या माशीवर जवळजवळ सात पौंडांचा ट्राउट धरला आणि तेव्हापासून त्यांच्या माश्यांना मागणी आली. त्यांची 'ग्रे घोस्ट' नावाची माशी आजही बांधली जाते. गंमत म्हणजे त्या शिकंजा वापरतच नसत, गळ नुसता बोटांत धरून बांधत. दुसऱ्या स्कॉटलंडच्या मेगन बॉइड. समुद्राकाठच्या एका लहानशा घरात आयुष्यभर त्यांनी साल्मन माशासाठी माश्या बांधल्या. १९७१ साली त्यांना ब्रिटिश सरकारचं पदक जाहीर झालं, तर म्हणे, "त्या दिवशी माझ्या कुत्र्याकडे कोण बघणार?" म्हणून त्या ते घ्यायला लंडनला गेल्याच नाहीत! आणि या बाईंनी स्वतः कधी मासेमारी केली नाही.

झालं, मी खुर्ची पुढे ओढली.

आधी थोडं त्या माशाबद्दल सांगायला हवं. त्याचं नाव स्टीलहेड. काश्मीरच्या सहलीत आपण जो ट्राउट बघतो ना, त्यातल्या रेनबो ट्राउटचाच हा सख्खा भाऊ, जात एकच. पण याला समुद्राची ओढ. नदीच्या गार, स्वच्छ पाण्यात, गोट्यांच्या फटीत तो जन्मतो. दोनेक वर्षं नदीत वाढतो. मग रुपेरी होऊन पॅसिफिक महासागरात जातो. तिथं एक-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त काळ खाऊन-पिऊन धष्टपुष्ट झाला, की वासाचा माग घेत परत आपल्याच जन्माच्या नदीला येतो. बंगाल्यांचा हिलसा जसा समुद्रातून नदीत चढतो, तसाच.

त्या किनाऱ्यावरचे साल्मन अंडी घातल्यावर मरतात. स्टीलहेडमधले काही मात्र जगतात, पुन्हा समुद्रात जातात आणि पुन्हा माहेरी येतात. या जगून-वाचून परतणाऱ्यांत माद्या अधिक! हे ऐकल्यावर तो मासा मला एकदम जवळचा वाटू लागला.

उन्हाळ्यात नदीत आलेला स्टीलहेड लगेच अंडी घालत नाही. हिवाळा उलटेपर्यंत तो डोहात थांबतो आणि त्या काळात जवळजवळ उपाशीच असतो. अंगातल्या चरबीवर दिवस काढतो. मग तो माशीला तोंड का लावतो? कुणी म्हणतं, लहानपणी नदीत किडे खाल्ल्याची सवय जागी होते. कुणी म्हणतं, कुतूहल. कुणी म्हणतं, चिडतो. म्हणूनच त्याला 'हजार वेळा गळ टाकल्यावर मिळणारा मासा' म्हणतात. आमचे जावई रिकाम्या हातानं का यायचे, ते आता उमगलं.

पहिल्या धड्यासाठी त्यांनी निवडली 'ग्रीन बट स्कंक'. स्कंक म्हणजे अमेरिकेतला तो काळा-पांढरा, घाण वास सोडणारा प्राणी. माशीही तशीच काळी-पांढरी, फक्त बुडाशी हिरवी. आपल्या पाककृतीच्या पद्धतीनंच सांगते.

साहित्य : ६ नंबरचा काळा गळ (इथं नंबर उलटे चालतात, आकडा वाढला की गळ लहान), काळा दोरा, शेपटीसाठी लाल पिसाचे थोडे तंतू, झगझगीत हिरवा शेनील बोटभर, काळा शेनील टीचभर, रुपेरी जर, कोंबड्याच्या मानेवरचं एक काळं मऊ पीस, पंखासाठी पांढरे केस आणि नेलपॉलिश. नेलपॉलिश बिनरंगी हवं.

कृती : गळ शिकंजात घट्ट धरावा. त्याचं उलटं टोक, म्हणजे माशाच्या तोंडात रुतून बसणारा काटा, आधी चिमट्यानं दाबून सपाट करावा. गळाच्या नेढ्यामागे थोडी जागा मोकळी सोडून दोऱ्याचे वेढे घालत दांडीच्या शेवटापर्यंत जावं. तिथं लाल तंतूंची आखूड शेपटी बांधावी. तिच्यापुढे हिरव्या शेनीलचे दोनच वेढे. मग जरीचं टोक अडकवून ठेवावं आणि काळा शेनील एकाला एक लागून पुढे गुंडाळत आणावा. आता ती जर सारख्या अंतरानं चार-पाच वेढे देत पुढे आणून बांधावी, पैठणीच्या काठावर जशी रेघ उठते तशी ती काळ्यावर उठून दिसते. काळ्या पिसाचे दोन-तीन वेढे घेऊन त्याचे तंतू मागे सारावेत. वर पांढऱ्या केसांची बारीक झुलपी बांधावी, शेपटीच्या पुढे जाईल इतकी लांब नको. शेवटी दोऱ्याचं लहानसं डोकं करून, फासावरून चार-पाच वेढे घेऊन टोक खालून ओढून घ्यावं आणि नेलपॉलिशचे दोन हात द्यावेत.

वाचायला सोपं आहे. माझ्या पहिल्या तीन माश्या पाहून जावई नुसते खोकले! नवशिक्याच्या सगळ्या चुका मी केल्या. पहिली म्हणजे नेढ्यापाशी गर्दी. शेवटी डोकं बांधायला जागाच उरत नाही आणि नेढं दोऱ्यानं बुजून जातं. दुसरी, हात सैल. एक वेढा ढिला पडला की आख्खी माशी दांडीभोवती गरगर फिरते. आणि तिसरी चूक खास आपली बायकांची : सढळ हात! केस भरपूर, पिसं भरपूर, जर भरपूर. "आई, ही नवरी मुलगी नाही," जावई म्हणाले, "पाण्यात गेल्यावर हिला हलता आलं पाहिजे." खरंच, जाडजूड माशी पाण्यात लाकडासारखी पडून राहते. विरळ बांधलेली श्वास घेतल्यासारखी हलते.

पांढऱ्या केसांपाशी मात्र मी हात मागे घेतला. ते वासराच्या शेपटीचे होते. जावयांच्या ते लगेच ध्यानात आलं. त्यांनी निमूटपणे पुडी उचलली आणि पांढरा कृत्रिम धागा पुढे केला. मासा काही तक्रार करत नाही म्हणे!

त्या पसाऱ्यात एका डबीत दोनच पिसं जपून ठेवलेली दिसली. काळपट, आणि त्यावर पिवळसर, लाखेचा थेंब ठेवावा तसे चकचकीत ठिपके. मी ओळखलं, हा तर आपला रानकोंबडा! सह्याद्रीच्या जंगलात पहाटे आरवतो तो राखी रानकोंबडा. त्याच्या मानेच्या या पिसांवर साल्मनच्या माश्या बांधणारे साहेब फार काळ लुब्ध होते. भारतातून त्यांची निर्यात बंद होऊन फार वर्षं झाली. आता परदेशात पाळलेल्या पक्ष्यांची पिसं मिळतात, तीही महाग. पिसांचा मोह वाईट. २००९ साली इंग्लंडमध्ये ट्रिंगच्या संग्रहालयातून एका विद्यार्थ्यानं २९९ पक्ष्यांची जुनी कातडी पळवली होती, ती या माश्यांच्या नादापायी. नवशिक्यानं या वाटेला जाऊच नये. साधी कोंबडीची पिसं पुरतात.

मग कुठली माशी कधी निवडायची? मला वाटलं होतं, याचं मोठं शास्त्र असेल. दुकानात म्हणे भिंत भरून माश्या असतात आणि नवा माणूस तिथं साड्यांच्या दुकानात गेल्यासारखा गोंधळतो. पण जावयांनी ते फार सोपं करून सांगितलं. उन्हाळ्यात नदी उतरलेली, पाणी काचेसारखं. तेव्हा माशी लहान, विरळ आणि गडद. हिवाळ्यात नदी फुगलेली, गढूळ आणि गार. तेव्हा माशी मोठी, वजनदार आणि नारिंगी, गुलाबी, जांभळी अशी भडक. मासा गारठ्यानं सुस्तावलेला असतो, त्याला दिसली तर पाहिजे ना! नवशिक्यानं तीनच बांधाव्यात : एक काळी स्कंक, एक जांभळी, आणि एक हरणाच्या केसांची 'मडलर', जी पाण्याच्या वरच्या थरात लहान मासोळीसारखी पळते. हरणाचे केस आतून पोकळ असतात म्हणून ते तरंगतात. या तीन माश्यांवर विश्वास ठेवून त्या नीट पाण्यात फिरवायला शिकावं. रोज माशी बदलणारा दिवसभर गाठीच मारत बसतो.

आता एक अनुभवाची गोष्ट. हात गुंतले की तोंड सुटतं. आपण बायका शेंगा सोलताना, वाती वळताना जे बोलतो, ते समोरासमोर बसून कधी बोलत नाही. त्या टेबलापाशी तसंच झालं. चौथ्या का पाचव्या दुपारी, जर गुंडाळता गुंडाळता, मान वर न करता जावई म्हणाले, "आई, आमच्या ऑफिसातली निम्मी माणसं गेल्या वर्षी कमी केली. मी राहिलो. पण दर शुक्रवारी वाटतं, आज माझा नंबर. आमचा परदेशी माणसांचा परवाना असा, की नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर बिऱ्हाड गुंडाळा. घराचे हप्ते, मुलाची शाळा... शुक्रवारची रात्र झोप येत नाही. म्हणून शनिवारी नदीवर जातो. तिथं पाण्याच्या आवाजात डोकं शांत होतं."

माझ्या हातातला दोरा तुटला.

"तिला सांगितलंत?"

"ती काळजी करेल."

"आणि आता काय ती आनंदात आहे?" मी जरा कडकच बोलले. "अहो, तिला वाटतंय तुम्हाला घर नकोसं झालंय. हे मला नका सांगू, तिला सांगा."

ते काही बोलले नाहीत. पण रात्री जेवताना म्हणाले, "पुढच्या आठवड्यात सगळेच जाऊ या का? नॉर्थ अम्पक्वाला. आई आपली माशी घेऊन येतील."

लेकीनं आधी माझ्याकडे पाहिलं. मी वरणाकडे पाहिलं.

पोर्टलंडहून दक्षिणेला तीन तास मोटारीनं गेलं की रोजबर्ग गाव लागतं. त्याच्या अलीकडे विंचेस्टर इथं एक जुना बंधारा आहे. वर चढणारे मासे तिथं १९४६ पासून मोजले जातात. म्हणजे माशांची खानेसुमारीच! रोजबर्गहून १३८ नंबरचा रस्ता पूर्वेला डोंगरात शिरतो. ग्लाइड या गावाशी दोन नद्या अक्षरशः समोरासमोर येऊन एकमेकींना धडकतात, नॉर्थ अम्पक्वा आणि लिटल रिव्हर. आपल्याकडे संगम म्हणजे गळाभेट. इथं दोघी जावा भांडायला उभ्या राहिल्यासारख्या दिसतात!

पुढे रस्ता नदीचा पदर धरूनच चालतो. पाणी पाचूसारखं हिरवं, मध्ये काळ्या कातळाच्या पायऱ्या. कातळ पाहून मला सह्याद्रीच आठवला, दोन्हीकडे लाव्हाचाच दगड. या नदीचा सुमारे तीस मैलांचा पट्टा फक्त माशीनं मासेमारी करणाऱ्यांसाठी राखलेला आहे. आमिष नाही, जाळं नाही. परवाना हवा, गळाला उलटा काटा नको, आणि नदीत जन्मलेला रानातला स्टीलहेड लागला तर तो सोडलाच पाहिजे. हॅचरीत वाढवलेल्या माशाचा पाठीवरचा शेवटचा छोटा पर आधीच कापलेला असतो, त्यावरून तो ओळखायचा.

आणि मग एकाएकी हिरवाई संपली. दोन्ही बाजूंचे डोंगर काळ्या खांबांनी भरलेले, डग्लस फरची जळकी झाडं. २०२० च्या सप्टेंबरात इथं आर्ची क्रीकचा वणवा पेटला आणि सव्वा लाख एकरांहून जास्त रान खाऊन गेला. रॉक क्रीकची मत्स्यशाळाही त्यात जळली. पुढच्याच वर्षी, २०२१ च्या उन्हाळ्यात, रानातले स्टीलहेड इतके कमी आले, काही शेकडेच, की नदीवरची मासेमारी बंद ठेवावी लागली. गरम होत चाललेलं पाणी, उन्हाळ्यात आटणारे ओढे, समुद्रातली उपासमार, एक का कारण आहे! लेक खिडकीतून बघत होती. "एवढं सगळं जळलं, मला कधी बोलला नाहीस," ती हळूच म्हणाली.

स्टीमबोट नावाच्या जागी नदीकाठी एक जुनी खानावळवजा धर्मशाळा आहे. ती १९५७ साली फ्रँक मूर आणि त्यांच्या पत्नी जीन मूर यांनी सुरू केली. फ्रँक दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीला लढलेले. नदीवरचा त्यांचा हात असा, की लांबून लोक बघायला येत. लाकूडतोडीनं नदीचे ओढे गढूळ होऊ लागले, तेव्हा ते त्याविरुद्ध उभे राहिले. जीनबाई रानफुलांच्या जाणकार. डोंगर चढून त्यांनी तिथल्या फुलझाडांची नोंद केली, आणि तिथलं रान राखलं जाण्यात त्या नोंदीचा वाटा आहे. २०१९ साली सुमारे एक लाख एकर जंगल या नवरा-बायकोच्या नावानं राखीव झालं. नवऱ्याच्या एकट्याच्या नाही, दोघांच्या! पुढच्याच वर्षी वणव्यात त्यांचं घर जळलं. फ्रँक २०२२ साली गेले, अठ्ठ्याण्णव वर्षांचे होऊन. पाऊणशे वर्षांहून अधिक संसार झाला होता. तो नदीत नि ती डोंगरात, पण संध्याकाळी बोलायला विषय एकच असणार, असं आपलं मला वाटलं.

दुपारी आम्ही स्टीमबोट क्रीकच्या बिग बेंड डोहावर गेलो. हा ओढा १९३२ पासून मासेमारीला बंद आहे, कारण मासे इथंच अंडी घालायला येतात. उन्हाळ्यात ओढ्याचं पाणी तापतं. या डोहाला मात्र एक गार ओहोळ येऊन मिळतो, म्हणून सगळे मासे इथं आसऱ्याला जमतात. पूर्वी चोर येऊन सुरुंग लावून मासे मारत. म्हणून १९९९ पासून ली स्पेन्सर नावाचे गृहस्थ आपल्या कुत्रीला घेऊन वर्षानुवर्षं, मे महिन्यापासून पावसाळी हिवाळा लागेपर्यंत, या डोहाची राखण करत बसले. रोज काय दिसलं ते वहीत लिहीत. त्यांच्यानंतर इतर स्वयंसेवकांनी ती राखण पुढे चालवली. आम्हाला राखणदारानं ओठांवर बोट ठेवून जागा दाखवली.

आधी काही दिसलं नाही. मग नजर ठरली, आणि तळाशी सावल्या हलल्या. एक, दोन, दहा... शंभराच्या घरात असतील! सगळ्यांची तोंडं प्रवाहाकडे, सगळे स्तब्ध. समुद्र पोहून आलेले, महिनोन्‌महिने उपाशी, पावसाची वाट बघत. देवळात गाभाऱ्यापुढे माणसं उभी राहतात तसे. माझ्यासारख्या मासेखाऊ बाईच्या मनात त्या वेळी तिखल्याचा विचारही आला नाही, खरंच सांगते.

मी थोडी बाजूला जाऊन कठड्याशी बसले. ती दोघं डोहाकडे बघत उभी होती. जावई काहीतरी बोलत होते, खालच्या आवाजात, बराच वेळ. लेकीनं मध्येच तोंडावर हात ठेवला. मग तिनं त्यांचा दंड धरला तो सोडलाच नाही. मी पाण्याकडे बघत राहिले. आईनं काही वेळा पाण्याकडेच बघायचं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही नदीवर होतो. लेकीच्या नावानं परवाना काढला होता. जावयांनी आधी पाण्यात थर्मामीटर बुडवला. पाणी २० अंशांच्या पुढे गेलं की मासा दमून मरू शकतो, तेव्हा त्याला त्रास देऊ नये. पाणी गार होतं. मग त्यांनी डबीतून माझी सगळ्यात बरी जमलेली माशी काढली आणि पक्कडीनं तिच्या गळाचं टोकच तोडून टाकलं!

"अहो! हे काय?"

"ते राखणदार स्पेन्सर असेच खेळायचे, आई. माशी आवडली तर मासा वर येतो, झटका देतो, आणि आपला आपण जातो. त्याला काही लागत नाही. तुमच्या मनात पहिल्या दिवसापासून तेच होतं ना?"

मला काय बोलावं सुचेना. मी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

काठी लेकीच्या हातात होती. तिरपी, खालच्या अंगाला माशी टाकायची, प्रवाह तिला कमानीसारखी काठाकडे ओढून आणतो. मग दोन पावलं खाली सरकायचं आणि पुन्हा. एवढंच. मी कातळावर शाल पांघरून बसले होते. टाक, वाहू दे, दोन पावलं. टाक, वाहू दे, दोन पावलं. तासभर काहीच नाही. मला जपमाळ ओढल्यासारखं वाटायला लागलं. आणि मग पाणी फुगलं, एक रुपेरी-गुलाबी कूस वळली आणि लेक किंचाळली! काठी वाकली, तिघांचे श्वास अडकले. "एक, दोन, तीन," एवढं मोजेपर्यंत दोरी सैल झाली. गेला.

लेक कमरेभर पाण्यात उभी राहून हसत होती आणि रडत होती. "आई, त्यानं ओढलं! तुझ्या माशीला ओढलं!"

आम्ही तिघंही रिकाम्या हातानं घरी आलो.

मला परत येऊन आता बरेच महिने झाले. जावयांच्या नोकरीचं अजून तळ्यात-मळ्यातच आहे. साठ दिवसांचा तो हिशेब आता दोघं मिळून मांडतात, एवढाच काय तो फरक. ती माशी माझ्या सुई-दोऱ्याच्या डब्यात आहे. पांढरा धागा जरा विस्कटलाय, जर एका जागी दातानं दबलीये. टोक नसल्यामुळे बोटाला लागत नाही.

शनिवारी त्यांच्याकडे फोन केला, तर हल्ली कुणी उचलत नाही.